राजधानीतील दोन दिवस

भारताच्या नकाशात दिल्लीची जागा शोधून पाहिली, म्हणजे एक गोष्ट चटकन ध्यानात येते. तिच्या उत्तरेस दूरवर हिमालयाच्या रांगा आहेत आणि नैर्ऋत्येस राजस्थानचे वाळवंट पसरलेले आहे. या दोहोंच्या मधून, पंजाबकडून गंगा-यमुनेच्या सुपीक मैदानात उतरणारी जी वाट आहे, तिच्या तोंडाशी दिल्ली वसलेली आहे. अरवली पर्वताचे शेवटचे खडकाळ टोक येथे येऊन थांबते आणि त्याच्या पूर्वेस यमुना वाहते. डोंगराचा आडोसा, बांधकामास दगड, पिण्यास पाणी आणि उत्तर हिंदुस्थानच्या दाराची किल्ली, इतक्या गोष्टी एके ठिकाणी सापडल्यावर राजेलोकांची दृष्टी या भूमीवर खिळली नसती, तरच नवल! दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटर अंतरावर पानिपतचे मैदान आहे. तेथे १५२६, १५५६ आणि १७६१ या तीन वर्षी मोठी युद्धे झाली. ती पानिपतावर लढली गेली खरी. पण लढणाऱ्यांचे लक्ष दिल्लीकडे होते.

दिल्लीत एकच शहर नाही, अनेक शहरे आहेत. जुन्या परंपरेने सात दिल्ली मोजल्या जातात. राय पिथोराच्या किल्ल्याभोवतीचे मेहरौलीचे नगर, अलाउद्दीन खिलजीचे सीरी, गियासुद्दीन तुघलकाचे तुघलकाबाद, त्याच्या मुलाचे जहाँपनाह, फिरोजशहाचे फिरोजाबाद, हुमायून व शेरशहा यांचा पुराना किल्ला आणि शाहजहानचे शाहजहानाबाद ही ती सात नगरे होत. इंग्रजांची नवी दिल्ली ही आठवी. नव्या धन्याला जुन्याच्या घरात राहणे रुचत नसे. तो कोस-दोन कोस सरकून नवी तटबंदी उभारी, नवे नगर वसवी, त्याला आपल्या पसंतीचे नाव देई आणि हे राज्य आता अढळ झाले, अशी मनाची समजूत करून घेई. काही पिढ्यांनी, क्वचित काही वर्षांनीच, त्या तटांवर गवत उगवे.

एवढे विस्तीर्ण शहर शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत पाहून संपणार नाही, हे उघड आहे. तथापि प्रवाशाने क्रम नीट लावला, तर सुमारे दीड हजार वर्षांचा इतिहास त्याला दोन दिवसांत ओळखीचा होऊ शकतो. शनिवारी दक्षिणेकडची जुनी दिल्ली पाहावी आणि रविवारी शाहजहानाबाद व नवी दिल्ली पाहावी. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. म्हणून तो सोमवारवर टाकू नये. डिसेंबर २००२ मध्ये दिल्लीत मेट्रो रेल्वे सुरू झाली, तेव्हापासून ही सातही नगरे एकमेकांच्या जवळ आली आहेत. तिच्या एकाच मार्गावर कुतुबमिनार आणि चांदनी चौक ही दोन्ही स्थानके आहेत. पूर्वी एका दिल्लीहून दुसऱ्या दिल्लीस जाण्यास राजांना काही शतके लागली. आज प्रवासी ते अंतर तासाभरात तोडतो.

शनिवारी सकाळी ऊन कोवळे असतानाच मेहरौलीस पोहोचावे. कुतुबमिनार दुरूनच दिसू लागतो. त्याची उंची ७२.५ मीटर आहे. तळाशी त्याचा व्यास १४ मीटरांहून अधिक आहे आणि वर जाता जाता तो पावणेतीन मीटरांपर्यंत निमुळता होतो. बाराव्या शतकाच्या अखेरीस कुतुबुद्दीन ऐबकाने मिनार बांधण्यास आरंभ केला, त्याचा जावई इल्तुतमिश याने वरचे मजले चढविले आणि चौदाव्या शतकात वीज पडून शेंडा मोडल्यावर फिरोजशहा तुघलकाने त्याची दुरुस्ती केली. पुढे इंग्रजी अमदानीत स्मिथ नावाच्या अधिकाऱ्याने त्यावर आपल्या कल्पनेप्रमाणे एक घुमटी बसविली. ती मिनाराला इतकी विजोड दिसू लागली, की १८४८ साली ती खाली उतरवावी लागली. ती घुमटी आजही बाजूच्या हिरवळीवर बसलेली आहे. मिनारात ३७९ पायऱ्या आहेत. परंतु त्या कोणास चढू देत नाहीत. ४ डिसेंबर १९८१ रोजी आतील दिवे गेले, अंधारात चेंगराचेंगरी झाली आणि ४५ माणसे प्राणास मुकली. त्यांत शाळेच्या सहलीस आलेली मुले पुष्कळ होती. त्या दिवसापासून मिनाराचे दार सर्वांना बंद झाले.

मिनाराच्या पायथ्याशी कुव्वत-उल-इस्लाम नावाची मशीद आहे. तिच्या प्रांगणातील खांब पाहताना कोणाच्याही मनात प्रश्न उभा राहतो. त्या खांबांवर साखळीने टांगलेल्या घंटा, पूर्णकलश आणि वेलपत्ती कोरलेली आहे. ही शैली मशिदीची नाही, देवळाची आहे. सत्तावीस देवळांचे साहित्य या बांधकामास वापरले, असे तेथील शिलालेखातच लिहिलेले आहे. विजेत्याने पराजिताच्या श्रद्धास्थानाचे दगड काढून आपली इमारत उभारावी, ही गोष्ट दुःखद आहे. ती लपविण्याचे कारण नाही. या ठिकाणी प्रवाशाने ती मनात नोंदवून ठेवावी. दुसऱ्या दिवशी लाल किल्ल्यात तिची पुन्हा आठवण करावयाची आहे.

याच प्रांगणात सुप्रसिद्ध लोहस्तंभ उभा आहे. त्याची उंची सुमारे ७.२ मीटर असून वजन सहा टनांहून अधिक आहे. त्यावर ब्राह्मी लिपीत कोरलेल्या संस्कृत लेखात ‘चंद्र’ नावाच्या राजाची कीर्ती वर्णिली आहे. हा राजा म्हणजे गुप्तवंशातील दुसरा चंद्रगुप्त होय, असे बहुतेक विद्वानांचे मत आहे. म्हणजे हा स्तंभ सुमारे सोळाशे वर्षांचा झाला. इतका काळ ऊन आणि पाऊस सोसूनही तो गंजून गेला नाही. यात काही जादू असावी, असे पूर्वी लोकांना वाटे. रसायनशास्त्राने त्याचे कारण शोधून काढले आहे. त्या काळचे लोहार लाकडी कोळशाच्या भट्टीत लोखंड गाळीत आणि त्यात चुनखडी घालीत नसत. त्यामुळे लोखंडात फॉस्फरसचा अंश अधिक राहिला. या फॉस्फरसमुळे स्तंभाच्या पृष्ठभागावर एक पातळ संरक्षक थर तयार झाला आणि त्यानेच आतील लोखंड राखले. मात्र निसर्गाने जे केले नाही, ते माणसांनी करावयास घेतले होते. स्तंभाला पाठ टेकून मागच्या मागे दोन्ही हातांनी मिठी मारली आणि बोटांना बोटे लागली, तर भाग्य उजळते, अशी एक समजूत पसरली होती. हजारो हातांच्या घर्षणाने आणि घामाने तो थर झिजू लागला, म्हणून १९९७ साली स्तंभाभोवती कुंपण घालावे लागले. ज्या राजाची कीर्ती स्तंभावर कोरली आहे, त्याचे नाव तरी आपणांस ठाऊक आहे. ज्या लोहारांनी तो घडविला, त्यांच्यापैकी एकाचेही नाव कोठे नाही.

मेहरौलीच्या पूर्वेस काही मैलांवर तुघलकाबादचे प्रचंड भग्न तट दिसतात. गियासुद्दीन तुघलकाने १३२१ च्या सुमारास हे नगर वसविण्यास आरंभ केला आणि थोड्याच वर्षांत ते ओस पडले. त्याचा मुलगा मुहम्मद तुघलक याचा महाराष्ट्राशी फार जवळचा संबंध आहे. दक्षिणेचा कारभार दिल्लीहून नीट चालत नाही, असे पाहून त्याने १३२७ साली आपली राजधानी देवगिरीस नेण्याचे ठरविले आणि देवगिरीचे नाव दौलताबाद ठेवले. दिल्लीतील अमीर-उमराव, विद्वान आणि त्यांचे कुटुंबीय यांना शेकडो कोसांची वाट तुडवून महाराष्ट्रात यावे लागले. वाटेत अनेकांचे हाल झाले. पुढे काही वर्षांनी सुलतानाने बेत बदलला आणि त्याच वाटेने परत जाण्याची मुभा मिळाली. योजनेमागे विचार नव्हता असे नाही. परंतु ज्यांना घरदार सोडावयाचे होते, त्यांना कोणी विचारलेच नव्हते. आजही लहरी कारभाराला मराठीत ‘तुघलकी कारभार’ म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

दुपारी पुराना किल्ला गाठावा. पांडवांचे इंद्रप्रस्थ येथेच होते, अशी परंपरा आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत या तटांच्या आत ‘इंदरपत’ नावाचे एक खेडे नांदत होते. उत्खननात येथे मौर्यकाळापासून मोगलकाळापर्यंतच्या वस्तीचे थर एकावर एक लागले आणि करड्या रंगाची, चित्रे काढलेली त्याहूनही प्राचीन अशी खापरे मिळाली. जमिनीचे हे थर म्हणजे इतिहासाच्या ग्रंथाची पानेच होत; सर्वांत जुने पान सर्वांत खाली असते, एवढाच फरक. किल्ल्यात ‘शेर मंडल’ नावाची तांबड्या दगडाची अष्टकोनी इमारत आहे. हुमायून बादशहाने तेथे आपले ग्रंथालय ठेवले होते. राज्य गमावून पंधरा वर्षे तो परमुलखात भटकला होता. ते परत मिळून जेमतेम सहा-सात महिने झाले होते, तोच १५५६ च्या जानेवारीत या इमारतीच्या जिन्यावरून त्याचा पाय घसरला आणि त्या दुखापतीने तो मरण पावला.

त्याची कबर तेथून जवळच आहे. त्याच्या विधवा पत्नीने, हाजी बेगमने, १५६५ च्या सुमारास तिचे बांधकाम सुरू करविले. इराणी परंपरेतील मीरक मिर्झा गियास हा तिचा शिल्पी होता. चार भागांत विभागलेली बाग, तीमधून खेळविलेले पाण्याचे पाट, उंच चौथरा, तांबड्या दगडात बसविलेला पांढरा संगमरवर आणि वर दुहेरी घुमट अशी ही रचना आहे. आग्र्याचा ताजमहाल याच्या सुमारे पाऊणशे वर्षांनंतरचा. ताजमहालाची कल्पना ज्या वाटेने विकसित झाली, तिच्यावरील हा मोठा टप्पा होय. मोगल घराण्यातील दीडशेच्या वर स्त्रीपुरुषांच्या कबरी या परिसरात आहेत.

परंतु हुमायूनच्या कबरीचे महत्त्व केवळ शिल्पाचे नाही. १८५७ च्या सप्टेंबरात इंग्रजांनी दिल्ली पुन्हा जिंकली, तेव्हा एक्क्याऐंशी वर्षांचा वृद्ध बादशहा बहादुरशहा जफर याच वास्तूत आश्रयास आला होता. येथेच तो इंग्रजांच्या स्वाधीन झाला. मोगल राज्य ज्यांनी स्थापिले त्यांपैकी एकाच्या कबरीपाशी ते संपले. नव्वद वर्षांनी, १९४७ साली, फाळणीच्या वेळी या बागेत आणि पुराना किल्ल्यात निर्वासितांच्या छावण्या पडल्या. पाकिस्तानात जाण्यास निघालेली भेदरलेली कुटुंबे आणि तिकडून सर्वस्व गमावून आलेली कुटुंबे यांनी या तटांच्या आडोशाला दिवस काढले. जेथे पूर्वी बादशहाचे ग्रंथ होते, तेथे चुली पेटल्या. आज हिरवळीवर फिरणाऱ्या प्रवाशाला त्या चुलींची राख दिसत नाही. म्हणून ती गोष्ट त्याला सांगावी लागते.

रविवारी सकाळी लाल किल्ल्यापासून आरंभ करावा. शाहजहान बादशहाने १६३९ साली याचा पाया घातला आणि १६४८ साली किल्ला पुरा झाला. तेव्हा यमुना त्याच्या पूर्वेच्या तटास लागून वाहत असे. आता तिचा प्रवाह दूर सरला आहे आणि तेथून हमरस्ता जातो. लाहोरी दरवाजातून आत शिरले, की छत असलेला बाजार लागतो. पुढे नौबतखाना, त्यापुढे दिवाण-इ-आम आणि त्याच्याही पलीकडे दिवाण-इ-खास. पांढऱ्या संगमरवरी खांबांचा हा दालनवजा मंडप एकेकाळी पृथ्वीवरील श्रीमंतीचा कळस मानला जाई. येथील मयूरासन १७३९ साली नादिरशहाने इराणला नेले. मंडपाचे छत मात्र चांदीने मढविलेले राहिले होते.

ते छत काढणारे हात मराठ्यांचे होते. १७६० साली सदाशिवरावभाऊ पानिपतच्या स्वारीवर असताना मराठ्यांनी दिल्लीचा किल्ला घेतला. फौज अफाट होती, खजिना रिता होता, पावसाळ्यामुळे यमुना दुथडी भरलेली होती आणि शिपायांचे पगार थकले होते. अशा वेळी दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून तिचे रुपये पाडण्यात आले. जाटांचा राजा सूरजमल यास हे कृत्य रुचले नाही, असे सांगतात. पुढे लवकरच तो भाऊसाहेबांचा पक्ष सोडून गेला. भाऊंची अडचण खरी होती, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु अडचण समजली, म्हणून कृत्य पुसले जात नाही. कालच्या सकाळी देवळांचे खांब पाहून ज्याला वाईट वाटले, त्याने आज या उघड्या छताखाली उभे राहून तितक्याच प्रामाणिकपणे मान खाली घातली पाहिजे. दुसऱ्याचा दोष मोठ्याने वाचावयाचा आणि आपला दोष मिटल्या ओठांनी ओलांडावयाचा, याला इतिहासाचा अभ्यास म्हणत नाहीत.

त्याच प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पानिपतच्या घोर पराभवानंतर अवघ्या दहा वर्षांनी, १७७१ साली, मराठ्यांनी दिल्ली पुन्हा हस्तगत केली. परागंदा झालेला बादशहा दुसरा शाहआलम १७७२ च्या जानेवारीत महादजी शिंदे यांच्या संरक्षणाखाली आपल्या राजधानीत परत आला. १७८८ साली गुलाम कादिर नावाच्या रोहिला सरदाराने किल्ला बळकावला, बादशहाच्या कुटुंबाचा अनन्वित छळ केला आणि स्वतः बादशहाचे डोळे काढले. त्या वेळी महादजींच्या फौजांनी धावून जाऊन किल्ला सोडविला, आंधळ्या बादशहाला पुन्हा गादीवर बसविले आणि पळालेल्या गुलाम कादिरास पकडून शासन केले. ज्या मंडपाचे छत मराठ्यांनी उतरविले होते, त्याच्या धन्याचे रक्षणही मराठ्यांनीच केले. महादजींची छत्री पुण्याजवळ वानवडी येथे आहे. पुण्याच्या विद्यार्थ्याने ती पाहिली असेल, तर लाल किल्ला त्याला परका वाटणार नाही. पुढे ११ सप्टेंबर १८०३ रोजी यमुनेपलीकडे पटपडगंज येथे इंग्रज सेनापती लेक याने शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली कंपनीच्या हाती गेली.

त्यानंतरचा किल्ल्याचा इतिहास दोन खटल्यांनी सांगता येतो. १८५८ साली दिवाण-इ-खासमध्ये बहादुरशहावर इंग्रजांनी खटला चालविला आणि त्याला रंगूनला धाडले. तेथेच १८६२ साली त्याचा अंत झाला. किल्ल्यातील कित्येक महाल व बागा पाडून इंग्रजांनी तेथे गोऱ्या शिपायांसाठी बराकी बांधल्या. त्या ठोकळेबाज बराकी आजही संगमरवरी मंडपांच्या शेजारी उभ्या आहेत. दुसरा खटला १९४५ सालचा. आझाद हिंद सेनेतील शाहनवाज खान, प्रेमकुमार सहगल आणि गुरुबक्षसिंग धिल्लाँ या तीन अधिकाऱ्यांना याच किल्ल्यात न्यायासनासमोर उभे केले गेले. एक मुसलमान, एक हिंदू आणि एक शीख असे ते तीन अधिकारी होते. त्यांच्या बाजूने साऱ्या देशात असा क्षोभ उसळला, की शिक्षा ठोठावूनही सरकारला त्यांना सोडून द्यावे लागले. १६ ऑगस्ट १९४७ रोजी पंडित नेहरूंनी लाहोरी दरवाजावर तिरंगा फडकविला. तेव्हापासून दर स्वातंत्र्यदिनी पंतप्रधान येथे ध्वजारोहण करतात.

किल्ल्यासमोर चांदनी चौकाचा रस्ता सुरू होतो. शाहजहानची कन्या जहाँआरा हिने १६५० च्या सुमारास हा बाजार आखला. पूर्वी रस्त्याच्या मधोमध कालवा वाहत असे. रविवारी मोठी दुकाने बंद असतात, हे पाहणाऱ्याच्या दृष्टीने बरेच. कारण गर्दी थोडी विरळ असते आणि इमारतींकडे मान वर करून पाहता येते. या एका रस्त्यावर प्रथम जैनांचे लाल मंदिर लागते. त्याच्या आवारात जखमी पाखरांचे रुग्णालय चालते. शेजारी गौरीशंकराचे देऊळ आहे. ते १७६१ साली आपा गंगाधर नावाच्या मराठा सरदाराने बांधले, अशी तेथील परंपरा आहे. पुढे शीसगंज गुरुद्वारा आहे. औरंगजेबाच्या आज्ञेने १६७५ साली शिखांचे नववे गुरू तेगबहादुर यांचा येथे शिरच्छेद झाला. धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी प्राण दिले. आज त्याच जागी लंगरात जातपात न विचारता भुकेल्यास जेवू घालतात. गुरुद्वाराला लागूनच सुनहरी मशीद आहे. १७३९ साली नादिरशहाने कत्तलीचा हुकूम दिला, तेव्हा तो या मशिदीत बसून होता, असे सांगतात. रस्त्याच्या शेवटी फतेहपुरी मशीद येते. हे सारे अंतर दीड किलोमीटरही नाही. इतक्या लहान रस्त्यावर इतके रक्त सांडले आणि तरीही या सर्व धर्मांची घरे तेथे एकमेकांस खेटून उभी आहेत, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

जवळच एका उंच टेकाडावर जामा मशीद आहे. १६५० ते १६५६ या काळात ती बांधली गेली. तिच्या तांबड्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या मिनारांवरून आणि प्रशस्त अंगणावरून त्या काळच्या गवंड्यांच्या नजरेची आणि हाताची कल्पना येते. अंगणात सुमारे पंचवीस हजार माणसे एका वेळी नमाज पढू शकतात. मागच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील एका गल्लीत मिर्झा गालिब या थोर उर्दू कवीचे घर आहे. त्याने १८५७ ची दिल्ली डोळ्यांनी पाहिली आणि १८६९ साली याच शहरात देह ठेवला.

दुपारनंतर राजघाटावर जावे. येथे ३१ जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींच्या देहास अग्नी देण्यात आला. बादशहांच्या कबरींवर घुमट आहेत. येथे उघड्या आकाशाखाली काळ्या संगमरवराचा एक साधा चौथरा आहे. त्यावर ‘हे राम’ एवढीच अक्षरे आहेत. आदल्या दिवशी ज्या घराच्या बागेत त्यांची हत्या झाली, तेथे त्यांच्या अखेरच्या पावलांचे ठसे सिमेंटमध्ये करून ठेवले आहेत. प्रार्थनेच्या वेळेस उशीर झाला होता, म्हणून ती पावले झपाट्याने पडली होती.

सायंकाळ नव्या दिल्लीसाठी राखावी. १२ डिसेंबर १९११ रोजी दिल्ली दरबारात बादशहा पाचवा जॉर्ज याने राजधानी कलकत्त्याहून दिल्लीस नेण्याची घोषणा केली. लट्येन्स आणि बेकर या शिल्पज्ञांनी रुंद राजमार्ग, कारंजी, सचिवालये आणि ३४० खोल्यांचे व्हाइसरॉयचे भवन उभारले. १९३१ च्या फेब्रुवारीत या नगराचे थाटाने उद्घाटन झाले. इंग्रजांच्या मनात ते कित्येक शतकांचे होते. पण त्यांच्या हाती ते अवघी सोळा वर्षे राहिले. व्हाइसरॉयचे भवन आज राष्ट्रपती भवन आहे आणि त्यासमोरच्या राजमार्गाला २०२२ पासून कर्तव्यपथ म्हणतात.

या मार्गाच्या दुसऱ्या टोकास ४२ मीटर उंचीचे इंडिया गेट आहे. पहिले महायुद्ध आणि तिसरे अफगाण युद्ध यांत पडलेल्या हिंदी सैनिकांचे हे स्मारक. त्याच्या भिंतींवर तेरा हजारांहून अधिक नावे कोरलेली आहेत. हे सैनिक दुसऱ्याच्या साम्राज्यासाठी लढले, म्हणून त्यांच्या आयांचे अश्रू कमी खारट नव्हते. शेजारीच स्वतंत्र भारताने २०१९ साली राष्ट्रीय युद्धस्मारक उभारले. तेथे चक्राकार भिंतींतील एकेका दगडावर एकेका जवानाचे नाव आहे आणि अशा नावांची संख्या पंचवीस हजारांवर आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांतून सैन्यात गेलेल्यांची नावेही त्यांत आहेत. लोहस्तंभ घडविणाऱ्यांचे नाव कोणी लिहिले नाही. येथे मात्र साध्या शिपायाचे नाव दगडावर आले. सोळाशे वर्षांत एवढा पालट झाला.

हा पालट कोणी घडविला, याचे उत्तर कर्तव्यपथाच्या पश्चिम टोकाजवळील एका वर्तुळाकार इमारतीत आहे. १४४ स्तंभांची ही इमारत १९२७ साली पुरी झाली. येथे ९ डिसेंबर १९४६ रोजी संविधान सभेची पहिली बैठक भरली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी, सुमारे तीन वर्षांच्या वादविवादानंतर, भारताचे संविधान स्वीकारले गेले. मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. २०२३ साली संसद शेजारच्या नव्या वास्तूत गेली आणि या जुन्या इमारतीचे नाव ‘संविधान सदन’ झाले. दिल्लीतील तट, मिनार, सिंहासने आणि दरबार यांनी जे साधले नव्हते, ते येथे कागदावरील अक्षरांनी साधले. गादीवर कोण बसावे, हे तोपर्यंत पानिपतसारख्या मैदानांवर ठरत असे. आता ते गावोगावच्या शाळांत मांडलेल्या मतपेट्यांत ठरू लागले. मतपेट्या जाऊन मतदान यंत्रे आली, तरी हा नियम बदललेला नाही.

परत जाताना प्रवाशाने यमुनेकडे एकदा अवश्य पाहावे. तिच्या पाण्यासाठी सात नगरे वसली. २०११ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या १ कोटी ६७ लाखांवर होती; या अफाट वस्तीचे सांडपाणी पोटात घेऊन शहरातील यमुना काळवंडली आहे. जुन्या वास्तूंच्या भिंतींवर टोकदार दगडाने स्वतःची नावे कोरून ठेवणारे प्रेक्षकही कमी नाहीत. ज्या राज्यात राजा होता, तेथे नदी मलिन झाली किंवा छत उतरविले गेले, तर राजाकडे बोट दाखविता येत असे. प्रजासत्ताकात ते बोट वळून आपल्याकडेच येते. दिल्ली आता कोणा एका वंशाची राहिलेली नाही. ती तेथील फेरीवाल्याची आहे, तितकीच सातारा किंवा चंद्रपूरहून आलेल्या विद्यार्थ्याचीही आहे. जे आपले आहे, ते राखण्याचे कामही आपलेच असते.

स्वाध्याय

१. दिल्लीचे भौगोलिक स्थान राजधानीस सोयीचे का ठरले, ते चार-पाच वाक्यांत लिहा.
२. लोहस्तंभ न गंजण्याचे कारण कोणते? त्याच्याभोवती कुंपण का घालावे लागले?
३. कुतुबमिनाराजवळील मशिदीचे खांब आणि दिवाण-इ-खासचे छत या दोन गोष्टींची लेखकाने सांगड का घातली आहे?
४. महादजी शिंदे यांनी दिल्लीत केलेल्या कामगिरीचे वर्णन आपल्या शब्दांत करा.
५. ‘प्रजासत्ताकात ते बोट वळून आपल्याकडेच येते’, या वाक्याचा आशय स्पष्ट करा.
६. पुढील शब्द वाक्यांत योजा : अढळ, विजोड, परागंदा, अनन्वित, क्षोभ.
७. आपल्या गावातील किंवा जवळच्या एखाद्या जुन्या वास्तूस भेट द्या. ती कोणी बांधली, कोणी बिघडविली आणि आज कोण राखते, याची माहिती मिळवून वीस ओळींचा निबंध लिहा.